कॉल ग्राफ आणि त्यातून सुटलेल्या रेषा

संगणकाच्या प्रोग्रॅममधील कोणते फंक्शन कोणास हाक मारते, याचे जे रेखाचित्र काढतात त्यास कॉल ग्राफ म्हणतात. प्रत्येक फंक्शन हा एक बिंदू, आणि प्रत्येक हाक ही त्यातून निघणारी बाणरेषा. कल्पना इतकी साधी आहे की तिला स्वतंत्र इतिहास असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही. परंतु तो पाहू गेल्यास, न दिसणाऱ्या रेषा शोधण्याच्या खटपटीचाच तो इतिहास आहे असे आढळून येते.

बार्बरा रायडर यांनी १९७९ साली असा ग्राफ रचण्याची रीत प्रसिद्ध केली. एक प्रोसीजर दुसरीच्या हाती पॅरामीटर म्हणून दिली जाते, आणि मग हाक कोणास गेली हे नुसत्या मजकुरावरून कळत नाही, ही अडचण त्यांनी सोडविली. मात्र स्वतःसच हाक मारणारी, म्हणजे रिकर्शन असलेली फंक्शने त्या रीतीच्या कक्षेबाहेर होती. पुढे १९८२ साली बर्कली येथील ग्रॅहॅम, केसलर व मॅककुझिक यांनी 'जीप्रॉफ' हे साधन पुढे आणले. प्रोग्रॅम चालत असता वेळ कोठे खर्च होतो हे दाखविणे हा त्याचा हेतू. परस्परांस हाका मारणाऱ्या फंक्शनांचे चक्र आढळले की टार्जन यांच्या रीतीने ते एकच बिंदू मानावयाचे, अशी त्यात योजना होती. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. जीप्रॉफ घडलेल्या हाकांची नोंद घेते. यंत्रात बसविलेल्या, म्हणजे एम्बेडेड, संगणकाच्या बाबतीत प्रश्न असतो तो घडू शकणाऱ्या हाकांचा.

याचे कारण स्मृतीच्या टंचाईत आहे. हाक मारलेले प्रत्येक फंक्शन परत येईपर्यंत स्टॅकवर काही जागा अडवून बसते. ग्राफातील सर्वांत खोल वाट हुडकून तिच्यावरील जागांची बेरीज केली की स्टॅक किती लागेल ते कळते. बेरीज चुकली तर स्टॅक आपली मर्यादा ओलांडून शेजारच्या माहितीवर पसरतो, आणि लहान यंत्रात त्यास अडविणारा पहारेकरी बहुधा नसतो. रिकर्शन असेल तर खोलीस मर्यादाच उरत नाही. यास्तव मिस्राच्या १९९८ च्या नियमावलीने ते निषिद्ध मानले, आणि जेरार्ड हॉल्झमन यांनी २००६ साली मांडलेल्या दहा नियमांत पहिल्याच नियमाने त्यास बंदी केली. फंक्शन पॉइंटरही त्यांनी वर्ज्य ठरविले, कारण तेथे रेषेचे टोक सापडत नाही. इंटरप्टची गोष्ट तर निराळीच: त्यास हाक मारणारा कोणी ग्राफात नसतोच, तरी जागा मात्र तो घेतो.

या त्रुटींची चर्चा न्यायालयापर्यंत गेली. अमेरिकेत टोयोटा मोटारींच्या अकस्मात वेगवृद्धीच्या तक्रारींवरून नासाने तपास केला. २०११ च्या अहवालात इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा सापडला नाही असे म्हटले. मात्र ओक्लाहोमातील २००७ च्या एका प्राणघातक अपघाताच्या खटल्यात, २०१३ साली, वादीपक्षाचे तज्ज्ञ मायकेल बार यांनी साक्ष दिली की स्टॅकचा कमाल वापर कंपनीने सांगितला त्याप्रमाणे ४१ टक्के नसून ९४ टक्के होता, आणि रिकर्शनचा खर्च त्याहून वेगळा. पॉइंटरद्वारे झालेल्या काही हाका, तसेच लायब्ररी व असेंब्लीतील फंक्शने हिशेबातून गळाली होती, असे त्यांचे म्हणणे. जुन्या कुळवृत्तांतांतून सासरी गेलेल्या लेकींच्या शाखा गळत, तसाच हा प्रकार: झाड पूर्ण दिसे, म्हणून कोणी शंका घेत नसे. ज्यूरीचा निकाल कंपनीविरुद्ध गेला. कंपनीने दोष मान्य केला नाही, व लगेच तडजोड झाली. निकाल समग्र पुराव्यावर होता. स्टॅक भरूनच अपघात झाला असे त्यावरून सिद्ध होत नाही, जरी पुष्कळदा तसे सांगितले जाते.

२०२० साली आलेल्या जीसीसीच्या दहाव्या आवृत्तीत कंपायलरकडूनच कॉल ग्राफ लिहवून घेण्याची सोय झाली. त्यात पॉइंटरद्वारे जाणाऱ्या हाका टाकून दिल्या जात नाहीत. 'अप्रत्यक्ष हाक' अशा अर्थाच्या नावाचा एक वेगळा बिंदू तेथे काढलेला असतो, आणि ज्यांचे टोक ठाऊक नाही अशा साऱ्या रेषा त्याच्याशी जाऊन मिळतात.