उपभोग कमी करा, पण कोणी?

पृथ्वी वाचवायची तर उपभोग कमी करा, असा उपदेश आज सगळीकडे ऐकू येतो. जळगावात मेहरूण तलावावर गाडीने फिरायला येणाऱ्याला तो जसा, तसाच एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्यालाही. हवामान बदल खरा आहे, त्यावर वाद नाही. वाद आहे तो कपात कोणाच्या ताटात करायची यावर.

आपल्या समाजाचा उपभोग जातीने शतकानुशतके सक्तीने कमी ठेवला. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) मध्ये बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची घटना दिली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या अस्पृश्याने जेवणात तूप वाढले, म्हणून सवर्णांनी लाठ्या घेऊन पंगत उधळली. इंदूरकडच्या बलाईंना जरीकाठी पागोटे घालायलाही बंदी केली होती. पैसा त्यांचा होता, पण तो खर्च करण्याचा हक्क त्यांचा नव्हता.

त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या खान्देशात, फैजपूरला, काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. तिथे खादी, ग्रामोद्योग आणि साधेपणाचा गौरव झाला. ज्याच्याकडे आहे त्याने सोडले तर तो त्याग. ज्याला कधी मिळालेच नाही, त्याला साधेपणा शिकवणे ही थट्टा आहे. १९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी म्हणूनच यंत्राची बाजू घेतली. यंत्रामुळे कष्टकऱ्याला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणसाला संस्कृती नाही. यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती जातो, हा दोष समाजरचनेचा आहे, असे त्यांनी मांडले.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये जगाचा उपभोग एकदम आखडला. त्या वर्षी कार्बन उत्सर्जन सुमारे ५ टक्क्यांनी घटले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा वाढले. किंमत मात्र मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्यावरून पायी गेलेल्या मजुरांनी मोजली. रचना तीच ठेवून मागणी घटवली, की पहिली पाळी कंत्राटी कामगाराची बंद होते.

जगातले सर्वांत श्रीमंत १० टक्के लोक जवळपास निम्म्या उत्सर्जनाला जबाबदार आहेत. तेव्हा मित्रांनो, कपात तिथून सुरू झाली पाहिजे. आपल्या वस्तीला पक्के घर, स्वच्छ वीज, वेळेवर एसटी मिळाली पाहिजे. ज्याचा रोजगार जाईल, त्याच्या मजुरीची हमी कारखाना बंद होण्याआधी हवी. हवामानाच्या प्रत्येक सभेत हा प्रश्न आपणच विचारायचा आहे.

जय भीम!