शांततेचे दोन अर्थ

मराठीतील 'शांतता' हा शब्द दुहेरी आहे. दंगाधोपा नसणे ही शांतता, आणि आवाज नसणे हीही शांतता. एकाच शब्दावर आपण दोन्ही कामे भागवतो. गोंगाटाच्या नियमनाचा आपल्याकडील इतिहास चाळू लागलो, की हा दुहेरीपणा केवळ कोशापुरता राहिलेला नाही, असे आम्हांला वाटू लागते. शासनाने आधी पहिल्या शांततेची काळजी वाहिली. दुसरीकडे पुरेसे लक्ष जाण्यास त्यानंतर शंभरएक वर्षे जावी लागली.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली. पुढच्याच वर्षी पुण्यात, मशिदीवरून वाद्ये वाजवीत जाण्याच्या प्रश्नावरून दंगा झाला. त्या काळातील वादांचे स्वरूप पाहिले, तर एक गोष्ट नजरेत भरते. वाद्ये किती मोठ्याने वाजतात, हा तेथे मुख्य प्रश्नच नव्हता. ती कोणासमोर, कोणत्या वेळी आणि कोणाच्या हक्काने वाजतात, हा प्रश्न होता. आवाज ही रस्त्यावरील सत्तेची खूण होती, आणि सरकारला चिंता होती ती दोन जमावांची. त्याच रस्त्यावरील एखाद्या घरात तळमळत पडलेल्या आजाऱ्याला या वादात जागा नव्हती.

गोंधळ, जागरण, दशावतार, तमाशा हे सारे रात्रीचेच. तेव्हाचा शेजार निःशब्द होता, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र त्या आवाजाला माणसाच्या दमाची मर्यादा होती. शाहीर थकतो, संबळ वाजवणारा हात थांबतो. ध्वनिवर्धक आला आणि ही मर्यादा संपली. आवाजाचा माणसाच्या श्रमाशी असलेला संबंध तुटला, ही आमच्या मते या इतिहासातील खरी फूट होय.

१९९६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धकासंबंधीच्या एका प्रकरणात, भाषणस्वातंत्र्याबरोबरच न ऐकण्याचे स्वातंत्र्यही मानले. न्यायालयाच्या दृष्टीने, ज्याला ऐकायचे नाही त्याला बळजबरीने श्रोता करणे म्हणजे त्याला बंदिवान करणे होते. पुढे १९९८ मध्ये एका अभियंत्याने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिच्यामागील घटना आजही अस्वस्थ करते. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. शेजारी ध्वनिवर्धकावर गाणी चालू होती, त्यामुळे तिच्या हाका कोणालाच ऐकू गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतले. या याचिकेवर १८ जुलै २००५ रोजी निकाल लागला. शांतपणे जगणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. गोंगाट म्हणजे केवळ झोपमोड नव्हे. दुसऱ्याचा आवाज बुडवणे हा त्याचा मूळ अर्थ आहे, हे या प्रकरणाने शिकवले.

दरम्यान २००० साली केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले होते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० अशा मर्यादा त्यांनी आखल्या. रात्र म्हणजे दहा ते सहा. त्या वेळात ध्वनिवर्धकास बंदी. अपवाद बंदिस्त सभागृहांचा. २००२ मधील दुरुस्तीने सण-समारंभांसाठी वर्षात कमाल पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना मिळाली. 'कोणासमोर' या जुन्या प्रश्नाची जागा 'किती' आणि 'केव्हा' या प्रश्नांनी घेतली. आकड्याला जातधर्म नसतो, हे त्याचे मोठेपण.

परंतु आकड्याला अभिरुचीही नसते. १९५३ पासून पुण्यात होणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवातील रात्रभराच्या बैठका या नियमांमुळे थांबल्या. खुल्या मंडपात उत्तररात्री दरबारी किंवा मालकंस आणि पहाटे ललित ऐकण्याची रीत खंडित झाली. कर्कश ध्वनिभिंत आणि गवयाचा षड्ज एकाच कलमाखाली आले. ही हानी आम्ही लहान मानत नाही. तरीही, रसिकाच्या आनंदासाठी परीक्षार्थी मुलाने किंवा आजाऱ्याने जागावे, असे म्हणण्यास आमची जीभ धजावत नाही.

मग नियम असूनही गोंगाट का उरतो? २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पोलिसांना बजावले, की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी, आणि ओळख कळलीच तर ती समोरच्यास सांगू नये. हा आदेश आम्हांला सर्वांत बोलका वाटतो. वस्तीत आवाज कमी करा म्हणणारा माणूसच शांतता बिघडवणारा ठरतो. उत्सवाचा, देवाचा, शेजारधर्माचा वैरी ठरतो. म्हणून तो खिडकी लावून घेतो आणि गप्प राहतो.

१८९४ चा तिढा येथे पुन्हा भेटतो. पहिली शांतता टिकावी म्हणून दुसरीचा बळी दिला जातो, आणि त्याला आपण सामंजस्य म्हणतो. शेजाऱ्याला निनावी न राहता 'जरा हळू' म्हणता येईल, त्या दिवशी या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र नांदतील. तोवर कायद्याला त्याचे नाव झाकून ठेवावे लागणार.