थरांतले इलेक्ट्रॉन आणि म्हैसूर विद्यापीठाचा पदवीधर

मातृभाषेतून शिकलेले मूल पुढे विज्ञानात टिकेल काय, हा प्रश्न पालक आजही विचारतात. सी. एन. आर. राव यांच्या शाळेची भाषा कन्नड होती; वडील घरी इंग्रजी बोलावयास लावीत. १९१६ साली स्थापन झालेल्या म्हैसूर विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी त्यांनी १९५१ मध्ये मिळविली.

काही धातूंच्या ऑक्साइडांत अणू थरांनी रचलेले असतात. इलेक्ट्रॉन एकाच थरात तुलनेने सहज फिरतात; थर ओलांडणे त्यांना कठीण जाते. १९७०च्या दशकात राव व पी. गांगुली यांनी अशा ऑक्साइडांचा अभ्यास केला. त्याचा तत्काळ उपयोग दिसत नव्हता. १९८६ मध्ये झुरिचजवळ बेडनॉर्झ व म्युलर यांना याच कुळातील तांब्याच्या ऑक्साइडात अतिवाहकता आढळली. १९८७चे नोबेल त्यांना लाभले. त्याच वर्षी द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे १९६ अंशांना, अतिवाहक ठरणाऱ्या ऑक्साइडावर काम करणाऱ्या जगातील आरंभीच्या गटांत राव यांचा बंगळूरचा गट होता. नोबेल दुसरीकडे गेले, तरी राव यांचे संशोधन थांबले नाही. २०१४ मध्ये त्यांना भारतरत्न प्रदान झाले.

हीरकमहोत्सवी वर्षात आपल्या शाळेने मुलांना द्यावयाचे ते हेच: स्वभाषेत पडलेला प्रश्न आणि तो वर्षानुवर्षे जपण्याची चिकाटी.