आदर्श व्यक्ती (मानसशास्त्र)

ज्या व्यक्तीचे वर्तन, यश किंवा जीवनमार्ग पाहून इतरांना तसे होण्याची प्रेरणा मिळते, तिला आदर्श व्यक्ती असे म्हणतात. मराठीत ‘रोल मॉडेल’ हा शब्दही प्रचलित आहे. ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट के. मर्टन यांना दिले जाते.

संकल्पना

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेचा सिद्धान्त मांडला. आपल्यासारखीच व्यक्ती प्रयत्नपूर्वक यशस्वी होताना पाहिली, की ‘हे मलाही जमेल’ हा विश्वास बळावतो, असे त्यात प्रतिपादन आहे. २०१५ मध्ये मॉर्गेनरॉथ, रायन व पीटर्स यांनी आदर्श व्यक्तीची तीन कार्ये सांगितली: कृतीचा नमुना घालून देणे, ध्येय शक्य असल्याचे दाखवणे आणि नव्या ध्येयाची ओढ लावणे.

मर्यादा

प्रत्येक आदर्श प्रेरक ठरतोच असे नाही. लॉकवूड व कुंडा यांच्या १९९७ च्या अभ्यासात लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अंतिम वर्षातील एका असाधारण विद्यार्थ्याची माहिती वाचावयास दिली होती. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना तिने उमेद दिली. चौथ्या वर्षातील विद्यार्थ्यांना मात्र, तसे यश मिळवण्याची वेळ निघून गेल्याने, ती प्रेरक वाटली नाही. म्हणजेच आदर्श व्यक्तीचे यश आवाक्यातले वाटणे महत्त्वाचे ठरते.

पश्चिम बंगालमधील अभ्यास

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर (१९९३) ग्रामपंचायतींच्या प्रमुखपदांपैकी एक तृतीयांश पदे स्त्रियांसाठी राखीव झाली. पश्चिम बंगालमध्ये राखीव ग्रामपंचायतींची निवड यादृच्छिक पद्धतीने होत असल्याने संशोधकांना तुलना करणे शक्य झाले. बीमन, दुफ्लो, पांडे व टोपालोवा यांनी बीरभूम जिल्ह्यातील ४९५ गावांचा अभ्यास करून २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. जेथे प्रधानपद दोन कार्यकाळ स्त्रियांसाठी राखीव होते, त्या गावांत मुलगे व मुली यांच्याविषयीच्या आकांक्षांमधील तफावत, पद कधीच राखीव नसलेल्या गावांच्या तुलनेत, पालकांमध्ये २५ टक्क्यांनी आणि किशोरवयीन मुलामुलींमध्ये ३२ टक्क्यांनी कमी आढळली. शिक्षणातील तफावत नाहीशी झाली व मुलींचा घरकामातील वेळही घटला. तरुण स्त्रियांच्या रोजगारसंधींत बदल दिसला नाही. त्यामुळे हा परिणाम मुख्यतः स्त्री-प्रधानांच्या आदर्शामुळे घडला असावा, असे संशोधकांचे मत आहे.

हेही पाहा

अनुकरण • पंचायत राज • महिला आरक्षण