म्हाइंभटांचा उद्योग आणि आपल्या आठवणी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सर्व सभासदांस विनंतीपत्र धाडले होते की, मद्रासमधील आपल्या वास्तव्याची एखादी खरीखुरी आठवण अर्ध्या पानात लिहून द्यावी. फारच थोड्यांनी ती दिली. अर्ध्या पानात सांगण्याजोगे ते काय, असा संकोच बहुतेकांना वाटला असावा. माझे आयुष्य सरकारी फायलींवर चार-चार ओळींची टिपणे लिहिण्यात गेले असल्यामुळे मला तो संकोच नव्हता. आळस मात्र होता, आणि तो मला फार महाग पडला.

अल्पाक्षरी सत्यकथन हा प्रकार हल्ली नवा म्हणून ओळखला जातो. अमेरिकेत डिंटी मूर यांनी 1997 साली 'ब्रेव्हिटी' नावाचे नियतकालिक महाजालावर सुरू केले. घडलेली गोष्टच सांगावयाची आणि तीही 750 शब्दांच्या आत, हा त्याचा दंडक. दंडक उत्तम आहे. परंतु मराठी गद्याचा आरंभच मुळी या प्रकाराने झाला, याचे स्मरण आपणांस असू द्यावे.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर त्यांचे अनुयायी रिद्धपूर येथे गोळा झाले. त्यांचे आचार्य नागदेव स्वामींच्या आठवणींत मग्न असत. म्हाइंभट हे मोठे व्युत्पन्न पंडित. या आठवणी सांगणारी माणसे गेली की सारेच जाईल, हे त्यांनी ओळखले. ज्याने जे पाहिले, ऐकले, ते त्याच्याकडून विचारून घ्यावे, नागदेवांकडून पडताळून घ्यावे आणि मग लिहावे, असा त्यांनी क्रम ठेवला. 1278 च्या सुमारास सिद्ध झालेला 'लीळाचरित्र' हा ग्रंथ तो हाच. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे तीन भाग. परंतु खरा घटक म्हणजे एकेक लीळा. कित्येक लीळा तर दहा-बारा ओळींतच आटोपतात. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा स्वामींच्या मांडीखाली दडतो, पारधी तो मागतात, स्वामी शरण आलेल्याला सोडीत नाहीत. एवढीच गोष्ट, पण ती वाचली की विसरत नाही. कोण कोठे बसले होते, कोणी काय विचारले, जेवणात काय होते, हेही त्यात येते. पंडितांना संस्कृतात लिहिणे सहज जमले असते. पण तसे झाल्यास आपल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, अशी नागदेवांची धारणा होती.

मला सर्वांत थोर वाटते ती आणखी एक गोष्ट. दोन सांगणाऱ्यांत मतभेद आढळला तर एकाला खोटे ठरविण्याऐवजी दोन्ही सांगणी नोंदविलेली आढळतात. आमच्या कचेरीतसुद्धा इतका प्रामाणिकपणा क्वचित दिसतो! मूळ पोथी पुढे आक्रमणाच्या धामधुमीत नष्ट झाली, असे परंपरा सांगते. अनुयायांनी पाठांतरावरून ती पुन्हा उभी केली. हिराइसा नावाच्या स्त्रीच्या नावाने एक पाठच ओळखला जातो. नंतर कित्येक शतके हे वाङ्मय सांकेतिक लिपीत बंद राहिले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडल्यावर पंथाबाहेरच्यांस वाचावयास मिळाले. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली प्रत 1978 साली प्रसिद्ध झाली.

आपल्या तंजावरकडे पाहिले तर चित्र उलटे दिसते. सरफोजीराजांनी 1803 साली बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास दगडावर कोरविला. तो शिलालेख भव्य आहे, अभिमानास्पद आहे. परंतु त्यात राजे आहेत, वाड्यातील स्वयंपाकीण नाही.

आमच्या मंडळात तंजावरकडच्या एका आजी होत्या. त्यांची मराठी आपल्याहून वेगळी, शब्दांना तमिळची झाक असलेली. तुमच्या आठवणी लिहून घेतो, असे मी त्यांना दोन वर्षे म्हणत राहिलो. माझी कचेरी एग्मोरला आणि त्यांचे घर तेथून चालत दहा मिनिटांवर. 1909 च्या जुन्या अभिलेखागाराच्या लाल इमारतीवरून रोज जाताना, सरकारने कागद जपावयास एवढे मोठे घर बांधले, असा विचार मनात येई आणि तेवढ्यावरच थांबे. गेल्या पावसाळ्यात आजी गेल्या.

त्यांच्या तोंडून ऐकलेली एकच गोष्ट मला धडपणे आठवते, ती येथे लिहितो. लग्नानंतर त्या मीटरगेजच्या गाडीने तंजावरहून एग्मोरला उतरल्या, तेव्हा मांडीवर पत्र्याच्या डब्यात तुळशीचे रोप होते. हमालाने डबा मागितला, त्यांनी दिला नाही. न्यायला आलेले सासरे हमालाशी तमिळमध्ये बोलले, मग सुनेकडे वळून मराठीत म्हणाले, "राहू दे, तूच धर." ते रोप त्यांनी परसात लावले. आता त्या जागी चार मजली इमारत आहे.

हे मी त्यांच्या मुलाला वाचून दाखविले. तो म्हणाला, "काका, तुळस नव्हे, कढीलिंब होता, आई नेहमी कढीलिंबच सांगत असे." मला तुळसच आठवते. दोन्ही येथे लिहून ठेवीत आहे.