दहा नाण्यांचं भविष्य

आम्हां बँकेतल्या कारकुनांना भविष्य म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, एवढंच ठाऊक. त्यामुळे भाच्याने एका जपानी ज्योतिषिणीची ओळख करून दिली, तेव्हा मी आधी दर विचारला.

‘दहा सुवर्णनाणी, मामा!’

बाईंचं नाव मिनेआ. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ ही व्हिडिओ गेमची मालिका जपानात १९८६ साली सुरू झाली. ११ फेब्रुवारी १९९० रोजी चौथा भाग आला, त्यातल्या या बाई. लेखक युजी होरी. थोरली बहीण मान्या (आमच्या मन्याची कोणी नव्हे!) नर्तकी. धाकटीने दहा-दहा नाणी जोडायची, थोरलीने ती जुगारात उडवायची. जमा-नावे एकाच घरात!

पण वडील किमयागार, आणि त्यांचा खून त्यांच्याच शिष्याने, बाल्झॅकने केलेला.

‘जगाचं भविष्य सांगणारीला बापाचं मरण दिसलं नाही?’

‘पुढे ऐका ना, मामा. बाल्झॅक हरतो; पण त्याच्यामागचा राजा, तुम्ही कितीही चांगलं खेळा, या दोघींना हरवतोच. तसंच लिहिलंय.’

बहिणी जहाजाने परमुलखात पळतात. तिथे मिनेआ पुन्हा दुकान मांडते, त्याच दरात! एक दिवस गाव बेचिराख झालेलं एक पोर समोर येतं. त्याच्याभोवती तिला सात ज्योती दिसतात. त्यांतली एक ती स्वतः.

बापाचा सूड फसला, तरी बाईंनी काउंटर बंद ठेवला नाही. म्हणून तर ते पोर भेटलं. ज्योतिषावर माझा विश्वास नाही, हजेरीवर आहे.