व्हेपचा सेल, कॉईल घरीच बदलताय? आधी हे वाचा

चाकण, महाळुंगे, भोसरी, पिंपरी या पट्ट्यात हातात कला असलेली पोरं भरपूर. कुणी वायरमन, कुणी वेल्डर, कुणी मोबाईल दुरुस्तीवाला. त्यामुळे ई-सिगारेट म्हणजे व्हेप खोलून ‘जास्त धूर’ काढायचा मोह होतो. पण हे काम मोटारीच्या फ्यूजला जाड तार घालण्यासारखंच आहे. चालतं तोवर चालतं, मग जळतं.

व्हेप चालते कशी?
आत लिथियम-आयन सेल, एक तारेची कॉईल आणि कापूस असतो. कॉईल तापली की कापसातलं निकोटीनचं द्रव वाफ होऊन बाहेर येतं.

धोका कुठे?
फुल चार्ज सेल 4.2 व्होल्टचा असतो. कॉईल 1.5 ओहमची असेल तर 2.8 अँपिअर करंट जातो. तीच 0.2 ओहमची केली तर 21 अँपिअर! जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल एवढ्या लोडसाठी बनवलेला नसतो. तो आतून तापतो, गॅस धरतो आणि पेट घेतो. सेलवरचं प्लास्टिक फाटलं असेल किंवा तो खिशात किल्ली-नाण्यांसोबत असेल, तर बाहेरच शॉर्ट होतो. एका खोलीत चार-पाच जण झोपतात, तिथे असा सेल उशाशी चार्जिंगला लावणं म्हणजे सगळ्यांचाच जीव धोक्यात.

अमेरिकेत 2018 मध्ये फ्लोरिडात आणि 2019 मध्ये टेक्सासमध्ये व्हेप फुटून एकेक जण दगावला.

कॉईल जास्त तापली, कापूस कोरडा पडला तर वाफेत फॉर्माल्डिहाईडसारखे विषारी घटक तयार होतात. द्रवात घरचं काही मिसळणं तर त्याहून वाईट. अमेरिकेत फेब्रुवारी 2020 पर्यंत व्हेपमुळे फुफ्फुसांना इजा होण्याच्या 2,807 केसेस आणि 68 मृत्यू नोंदले गेले. मुख्य संशय द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर होता.

कायदा काय म्हणतो?
देशात 18 सप्टेंबर 2019 पासून ई-सिगारेट बनवणं, विकणं, आणणं, वाहतूक, साठा, जाहिरात सगळं बंद आहे. सुटे भाग जोडणं हीसुद्धा कायद्यात ‘निर्मिती’च धरली आहे. पहिल्यांदा सापडल्यास 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. साठा केल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे मित्राला व्हेप ‘बनवून देणारा’ही अडकू शकतो.

अपघात झालाच तर
- सेल फुगला, तापला तर हात लावू नका. खोली मोकळी करा.
- भाजलं तर 20 मिनिटं वाहतं साधं पाणी घाला. हळद, टूथपेस्ट, बर्फ नको. 108 ला फोन करा.
- लहान मुलानं द्रव गिळलं तर उलटी काढायला लावू नका, लगेच दवाखान्यात न्या.
- खराब सेल उकिरड्यात टाकू नका, जाळू तर नकाच. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.

सुटायचं असेल तर 1800-11-2356 हा सरकारचा तंबाखूमुक्तीचा मोफत नंबर आहे. हातातली कला कामाला लावा, पण व्हेपवर नको.